सुइणीच्या गावातला पब

इंग्लंडहून परत आलो त्या शनिवारी इथं मिशिगनमध्ये, ट्रॉयला एकांकडे पॉटलक होतं, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ न्यायचं जेवण. मी वाटली डाळ नेली होती. डाळीला कुणी चमचा लावायच्या आत चौकशी सुरू झाली.

"मग, लंडन कसं वाटलं?"

"लंडनला गेलो नाही."

"बरं, मग एडिंबरा?"

"नाही."

"अहो, मग दोन आठवडे केलंत काय?"

"पबमध्ये बसलो," माझा नवरा अरुण म्हणाला.

शेजारच्या काकूंनी हातातली प्लेट टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू आमच्या घरी काहीतरी दुःखद घडलंय आणि ते त्यांना उशिरा कळलंय. मी घाईघाईनं सांगितलं, की मी थेंबालाही शिवत नाही. अरुण वर्षातून दोनदा बियर उघडतो आणि दोन्ही वेळा अर्धी सिंकमध्ये ओततो. काकूंना ते पटलं नाही. तेव्हा सगळं रीतसर लिहून काढलेलं बरं.

आमची रेवा तिथं असते. जन्म मिशिगनचा, शाळा ट्रॉयची, दर रविवारी मराठी शाळेत रडत जाणारी. इथंच नर्सिंग केलं, मग उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पुढचं शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. ती मिडवाइफ आहे, घरोघरी जाऊन बाळंतपणं करणारी. मराठीत याला सुईण असा सरळ, नीटस शब्द आहे; पण अरुण तो वापरत नसे. कुणी विचारलं तर "मॅटर्नल हेल्थकेअरमध्ये आहे" असं सांगून तो विषय गाड्यांकडे वळवायचा. जन्मभर त्यानं गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले, त्यामुळे विषय थांबवणं त्याला चांगलं जमतं.

या खेपेला तो एक बेत घेऊन निघाला होता. ओळखीतून त्याला इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या जागेचा सुगावा लागला होता. ऑफिस, खुर्ची, हाताखाली माणसं. रेवाला घरी आणायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. माझ्याही होतं, खोटं कशाला बोलू?

मँचेस्टर ते बार्कडेन

रेवा विमानतळावर घ्यायला आली होती. तिची गाडी पाहून अरुणनं तिच्याभोवती एक फेरी मारली. डेट्रॉइटकडच्या माणसाच्या मते गाडीत निदान चार सुटकेसा आणि त्याचं स्वतःचं मत एवढं तरी मावायला हवं. इथं एक सुटकेस माझ्या मांडीवर आली.

शहर संपल्यावर रस्ता डोंगरांत शिरला. दोन्ही बाजूंना दगडांच्या कमरेएवढ्या भिंती. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. मध्ये उरलेल्या फटीला तिकडे रस्ता म्हणतात. समोरून गाडी आली की दोघांपैकी एक जण निमूट मागे जातो आणि दुसरा जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. झाले आभार. अरुण डावीकडच्या सीटवर बसून सगळी वाट पायानं नसलेला ब्रेक दाबत होता.

"बाबा, रिलॅक्स. त्या साइडला ब्रेक नाहीये."

"तेच म्हणतोय मी. असायला हवा."

रेवाचं गाव, बार्कडेन, दरीत बसलंय. काळ्या पडलेल्या दगडांची घरं एकाला एक चिकटून, दार उघडलं की थेट रस्त्यावर पाय. मी इचलकरंजीची, त्यामुळे गल्लीतल्या घरात शिरायला मला शिकवावं लागलं नाही. तीस वर्षं ट्रॉयच्या त्या मैदानाएवढ्या लॉनांमध्ये राहून मी विसरले होते, की शेजारणीचा खोकला आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येण्यात एक सोबत असते.

रेवाच्या बेसिनला दोन नळ होते. एकातून उकळतं पाणी, दुसऱ्यातून बर्फाचं. दोन्ही मिळून तोंड धुवायचं आणि सरासरीवर समाधान मानायचं. आणि कपडे दोरीवर! आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे ट्रॉयच्या वसाहतीत, बाहेर कपडे वाळत घातले तर नोटीस येते. मी दुसऱ्याच सकाळी हौसेनं सगळे कपडे धुतले आणि मागच्या अंगणात वाळत घातले. थोड्या वेळानं दार वाजलं. शेजारची आजी उभी, हातात आमच्या कपड्यांची चळत, सगळ्यात वर अरुणचा बनियन.

"रेन, लव्ह," ती म्हणाली (तिकडे कुणालाही लव्ह म्हणतात), चळत माझ्या हातात दिली आणि गेली. तिचं नाव मॉरीन, हे मला नंतर कळलं. बनियनशी तिची ओळख आधी झाली.

द शटल

गावातल्या पबचं नाव 'द शटल'. मला वाटलं विमानतळावरच्या शटल बसचा काही संबंध असावा. पाटीखाली जाऊन वर पाहिलं तर चित्रात चक्क मागावरचा धोटा! लाकडी, दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये सुताची कांडी. माझ्या वडिलांच्या कारखान्यात असे धोटे खोक्यानं पडलेले असायचे. इचलकरंजीला सगळे महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात; खऱ्या मँचेस्टरच्या मागच्या डोंगरात मला इचलकरंजी भेटेल असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. इथल्या गिरण्या केव्हाच बंद पडल्या. सर्वांत मोठीत आता फ्लॅट आहेत.

पहिल्या संध्याकाळी रेवा ड्यूटीवर होती, म्हणून आम्ही दोघंच गेलो. दारात उभे राहिलो, कारण अमेरिकेत कुणीतरी येऊन हसून आपल्याला टेबलाकडे नेतं. कुणी आलं नाही. मग एक रिकामं टेबल बघून बसलो आणि वेट्रेसची वाट पाहू लागलो. शेकोटीत कोळसा पेटला होता. मे महिना होता, पण इथल्या मे महिन्याला ते कुणी कळवलेलं नसावं. शेजारच्या टेबलाखाली एक जाडजूड कुत्रा झोपला होता. त्याचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, आमच्याकडे बघत होते. आम्ही हसलो. ते हसले. 

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "असेच बसलात तर ख्रिसमसपर्यंत बसाल. इथं बारवर जाऊन मागावं लागतं."

हे गॉर्डन. आयुष्यभर या डोंगरांतून बस चालवली. कुत्र्याचं नाव पिकल. आता रांग लावावी म्हणून अरुण बारपाशी गेला, तर तिथं रांगच नव्हती. सगळे आडवे पसरून उभे आणि तरी कुणाचा नंबर कितवा हे प्रत्येकाला ठाऊक. अरुणनं जरा पुढे कोपर टेकलं, तर कुणी काही बोललं नाही. फक्त चार माणसं एकाच वेळी छताकडे पाहू लागली. अरुणनं कोपर मागे घेतलं.

मालकीणबाई लिंडा, रुंद खांद्यांची, केस वर बांधलेले. ती अरुणला म्हणाली, "यू ऑलराइट?"

आता हे तिकडचं 'काय, कसं काय?' आहे. याला उत्तर नसतं. अरुणनं तिला गुडघ्याबद्दल सांगितलं, विमानातल्या झोपेबद्दल सांगितलं आणि डॉक्टरनं बदललेल्या गोळीवर तो आला तेव्हा लिंडानं हातातला ग्लास खाली ठेवून शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि प्यायला काय देऊ, लव्ह?"

मी जिंजर बियर घेतली. आलं घातलेलं तिखट-गोड पाणी. बियरचा फक्त नावापुरता संबंध. गॉर्डननं बटाट्याच्या वेफर्सची पिशवी चारी बाजूंनी फाडून पत्रावळीसारखी टेबलाच्या मध्ये पसरली आणि मानेनंच 'घ्या' म्हणाले. आमच्या घरी जेवायला येऊन गेलेल्या कितीतरी माणसांपेक्षा ते लवकर जवळचे झाले.

मॉरीनबाईंचा चहा

दोन दिवसांनी मॉरीननं आम्हाला टीला बोलावलं. पाच वाजता. आता पाच वाजता चहा म्हणजे सोबत बिस्किट, फार तर केकचा तुकडा. अरुण म्हणाला, उपाशी जायला नको. म्हणून मी साडेतीनला पिठलं-भात केला आणि आम्ही पोटभर जेवून, तोंडात बडीशेप टाकून गेलो.

तर तिकडे टी म्हणजे रात्रीचं जेवण. टेबलावर चीज आणि कांद्याचा पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत भरून भाजलेला प्रकार, उकडलेले बटाटे, लोणचं घातलेलं बीट, वाटाण्याचा हिरवा लगदा आणि कडेला भलामोठा केक. तिनं मी शाकाहारी असल्याची रेवाकडे आधी चौकशी केली होती. अरुणनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग आम्ही ताट भरून घेतलं आणि खाल्लं, कारण आमच्याकडे यजमानाला नाही म्हणत नाहीत आणि तिच्याकडेही म्हणत नसावेत.

तो वाटाण्याचा लगदा म्हणजे मशी पीज. आपली उसळ करायला घ्यावी, वाटाणे शिजवावेत आणि मग कुणीतरी हाक मारावी म्हणून निघून जावं, तसं काहीतरी. मी मॉरीनला विचारून तिच्याच गॅसवर तेल तापवलं. मोहरी-जिरं रेवाकडून आणलं, लसूण तिच्याकडचा. चर्र झालं तशी ती दोन पावलं मागे सरली. मग चमचाभर चाखून म्हणाली, "नॉट बॅड."

माझा चेहरा पडला. मिशिगनमध्ये नुसती पोळी वाढली तरी 'ऑसम' म्हणतात. पण रेवानं नंतर सांगितलं, की या भागात 'नॉट बॅड'च्या वर काही नसतं. मग मला पुण्यातल्या माझ्या मावससासूबाई आठवल्या. त्यांनी आयुष्यात एकदाच माझ्या पुरणपोळीला "बरी झालीय" म्हटलं होतं. त्याचा मोठेपणा मला बार्कडेनमध्ये कळला.

मॉरीन बोलताना ओठ फार हलवते, एकेक शब्द तोंडानं घडवून समोर ठेवल्यासारखा. मी विचारलं तेव्हा ती हसली. पंधराव्या वर्षापासून ती गिरणीत मागावर होती. त्या खडखडाटात आवाज ऐकू येत नसे, म्हणून विणकर बायका ओठांवरूनच बोलायच्या. "खोलीच्या त्या टोकाला कोण कुणाबरोबर पळून गेलं ते या टोकाला कळायचं," ती म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे सगळे ओरडायचे. वडील घरी आले तरी तासभर ओरडूनच बोलायचे आणि आई म्हणायची, अहो, कारखाना बंद झाला आता. मॉरीन इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

रविवार

दुसऱ्या रविवारी दुपारी रेवाला सुट्टी होती. आम्ही तिघं शटलमध्ये जेवायला गेलो. रविवारचं जेवण हा तिकडचा धर्म आहे. चर्च रिकामं असेल, पण पबमध्ये टेबल मिळत नाही. माझ्या ताटात सुक्या मेव्याचा भाजलेला वडीसारखा तुकडा, बटाटे, गाजर आणि एक फुगलेली, पोकळ, सोनेरी वाटी. रेवा म्हणाली, हे यॉर्कशर पुडिंग. पुडिंग म्हणजे गोड, म्हणून मी ते शेवटी खाण्यासाठी कडेला ठेवलं आणि लिंडा जाता जाता त्यात मोठा चमचाभर तपकिरी ग्रेव्ही ओतून गेली. मी जवळजवळ ओरडलेच. ते गोड नसतं. धिरड्याचं पीठ ओव्हनमध्ये फुगवलं तर जे होईल ते.

त्या ग्रेव्हीवरच्या हसण्यात विषय टळला असता तर बरं झालं असतं. पण अरुणनं काटा खाली ठेवला.

"रेवा, एक ओपनिंग आहे. आपल्याकडे. मोठं हॉस्पिटल आहे, अ‍ॅडमिनिस्ट्रेशन साइडला..."

"बाबा, नॉट नाऊ."

"ऐकून तर घे. किती दिवस असं दारोदार फिरणार?"

मराठी शाळेत रडत गेली तरी काही शब्द तिला पक्के येतात. "दारोदार?" ती म्हणाली. "यू मेक इट साउंड लाइक आय सेल ब्रशेस."

"मी तसं म्हटलं नाही."

"बाबा," तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, "इतकी वर्षं झाली. यू हॅव नेव्हर वन्स आस्क्ड मी व्हॉट आय डू ऑल डे. एकदा पण नाही."

  तेवढ्यात तिच्या एका सहकारी बाईचा फोन आला. कामावरची कुणीतरी आजारी पडली होती, दोन बायका अडल्या होत्या. रेवानं माझ्या डोक्यावर ओठ टेकवले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला न ठेवला आणि गेली. तिच्या ताटातलं पुडिंग तसंच राहिलं. अरुण ते बघत बसला. परतताना आम्ही दोघंही हवामानाबद्दल बोललो, म्हणजे पक्के इंग्रज झालो होतो.

सोमवार

सकाळी रेवा कामावरून येऊन झोपली होती. अरुण म्हणाला, "जरा पाय मोकळे करून येतो. वरच्या तलावापर्यंत. तू दुपारी जेवायला शटलमध्ये ये, मी तिथंच येतो."

गावाच्या वर उघडं माळरान आहे, त्याला ते मूर म्हणतात. झाड नाही, घर नाही, नुसतं तपकिरी गवत आणि मेंढ्या. मी शटलमध्ये पोचले तेव्हा खिडकीतून ते माळरान दिसत होतं. जिंजर बियर घेऊन परत खिडकीपाशी आले तर नव्हतं. कुणीतरी पांढरी गोधडी ओढावी तसं धुकं दरीत उतरलं होतं. समोरचं दुकानसुद्धा गायब.

अरुणला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. रेवाला उठवावं का? मग ती झोपेतून उठून गाडी घेऊन निघेल या धुक्यात. मी फोन टेबलावर उलटा ठेवला, मग सुलटा केला.

"कुठं गेलाय तुमचा नवरा?" गॉर्डननं विचारलं.

मी वर बोट दाखवलं. गॉर्डननं "आह" एवढंच म्हटलं. पण लगेच उठले, बारपाशी गेले आणि लिंडाच्या कानाशी काही बोलले. कुणी धावपळ केली नाही. लिंडानं फोन उचलला आणि माळावरच्या शेतघरांना एकेक करून फोन लावू लागली. दोन जणांनी कोट चढवले आणि टॉर्च घेऊन पायवाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. गॉर्डननंही पिकलला साखळी लावली. पिकल दारापर्यंत गेला, धुकं हुंगलं आणि परत येऊन टेबलाखाली झोपला. गॉर्डन एकटेच गेले.

"सापडेल तो," लिंडा मला म्हणाली. "नाहीतर रेस्क्यूवाल्यांना बोलावू. अजून ती वेळ नाही."

 माझ्या डोळ्यांपुढं काय काय येत होतं ते लिहीत नाही. माणूस हट्टी, गुडघा दुखरा, जाकीट पातळ, आणि आदल्या दिवशी मुलीशी बिनसलेलं. मॉरीन कधी येऊन शेजारी बसली मला कळलं नाही. तिनं माझा हात तिच्या दोन्ही हातांत घेतला. एवढ्यात माळावर चालायला आलेला एक मोठा घोळका धुक्यामुळं आत घुसला. खुर्च्या सरकल्या, कुत्री भुंकली, सगळे एकदम बोलू लागले. लिंडा पार दुसऱ्या टोकाला कानावर हात दाबून फोनवर बोलत होती. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मॉरीन लिंडाच्या ओठांकडे बघत होती.

"सापडला," मॉरीन म्हणाली. "वरच्या शेतावर, हॅनाच्या घरी आहे. चहा पितोय." मग जरा थांबून, "दुसरा कप."

मी तिथंच रडले. लिंडा गर्दीतून वाट काढत सांगायला आली तोवर माझं रडून झालं होतं.

अरुण आला ट्रॅक्टरवरून. पायात कुणाचे तरी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, अंगात कुणाचा तरी जाड स्वेटर, स्वतःचे भिजलेले बूट पिशवीत. गॉर्डन त्याच्यामागून आत आले आणि म्हणाले, "नाऊ देन." हे तिकडचं नमस्कार.

"नाऊ देन," अरुण म्हणाला. गुडघ्याबद्दल काहीही न सांगता.

सगळी हकिगत त्यानं संध्याकाळी सांगितली, रेवाच्या स्वयंपाकघरात, ती परत कामावर गेल्यावर. धुकं आल्यावर त्याला पायवाट दिसेना. एक भिंत हाताला लागली म्हणून तिच्या कडेकडेनं चालत राहिला. भिंत एका अंगणात संपली. दार उघडलं ते हॅनानं, कडेवर बाळ. तिनं याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही रेवाचे वडील ना? भुवया त्याच आहेत."

"मला आत बसवलं," अरुण म्हणाला. "बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि चहा करायला गेली. ओळख ना पाळख. मी म्हटलं, अहो, मी ओला आहे. ती म्हणाली, तोही असतो."

मी हसले, पण तो हसत नव्हता.

"जानेवारीत झालं ते. बर्फ पडून रस्ता बंद होता. रेवानं गाडी खाली सोडली आणि चालत गेली गं वर. त्या चढावर, बॅग घेऊन. आज मला बर्फ नसताना दम लागला तिथं." तो टेबलावरची मिठाची बाटली उगाच फिरवत होता. "बाळ पायाळू होतं. आधी कळलंच नव्हतं. अँब्युलन्स यायची शक्यता नाही. त्या दोघीच. हॅना म्हणाली, रेवा घाबरली असेल तर मला दिसलं नाही."

त्यानं बाटली परत जागेवर ठेवली.

"आपल्याला सांगितलं नाही तिनं," मी म्हटलं.

"विचारलं होतं कुणी?" तो म्हणाला.

मंगळवार, बुधवार

मंगळवारी सकाळी रेवा टोस्टला लोणी लावत होती. अरुणनं घसा साफ केला.

"काल काय काय झालं? कामावर."

रेवानं सुरी थांबवली. आधी माझ्याकडे पाहिलं, मी काही शिकवलंय का ते बघायला. "यू रिअली वॉन्ट टू नो?"

"हो."

तिनं सांगितलं. काही म्हणजे काही गाळलं नाही. अरुणनं हळूच हातातला टोस्ट बशीत ठेवला, रंग जरा उतरला, पण जागचा हलला नाही. मध्ये एकदा त्यानं प्रश्नसुद्धा विचारला, दाब किती येतो म्हणून. रेवा कागद घेऊन चित्र काढू लागली तशी मी कपडे आत घ्यायला अंगणात गेले. पाऊस नव्हता.

बुधवारी तो बाहेर उभा राहून त्या जागेबद्दल सांगणाऱ्या ट्रॉयच्या गृहस्थांशी फोनवर बोलत होता. भिंती पातळ, म्हणून ऐकू आलं. "थँक यू हां, पण तिला सवड नाही. नाही, पुढच्या वर्षी पण नाही. पुढची वीसेक वर्षं तरी नाही." आत आला आणि मला म्हणाला, "चहा टाकतेस?" मी टाकला. मुलगी घरी येणार नाही याचं वाईट वाटायचं ते वाटलंच. पातेल्यातलं पाणी उकळेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, आणि मग दूध घातलं.

गुरुवार, क्विझ

आमच्या शेवटच्या संध्याकाळी शटलमध्ये क्विझ होती. गॉर्डन, मॉरीन आणि आम्ही दोघं अशी टीम. लिंडा बारमागे माइकवर प्रश्न वाचते, टीमनं कुजबुजत ठरवून उत्तर लिहायचं. अरुणला कुजबुजता येत नाही. शिवाय एखादं उत्तर चुकीचं आहे असं वाटलं की त्याला ते सहन होत नाही. पहिल्या फेरीत त्यानं गॉर्डनशी एका नदीवरून वाद घातला, तो इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या टेबलानं आमचं उत्तर उतरवून घेतलं. ते चुकीचं निघालं, म्हणून त्यांचा फायदा झाला नाही.

बाहेर अजून उजेड होता. रेवा आली ती कामाच्या निळ्या कपड्यांतच. आदल्या दिवसापासून ती घरी आलीच नव्हती. "हाय," म्हणाली, माझ्या ताटातला उरलेला चीजचा पाय चार घासांत संपवला आणि बाकावर बाबांच्या शेजारी सरकली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"मुलगी. आणि मग अजून एक मुलगी." तिचे डोळे मिटत होते. "दोघी मस्त आहेत, बाबा." आणि बोलता बोलता तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. झोपली.

लिंडा पुढचा प्रश्न वाचायला लागली होती. तिनं आमच्या कोपऱ्याकडे पाहिलं, थांबली आणि माइक बंद केला. मग बारवर पुढं वाकून प्रश्न हळू आवाजात वाचला. एकेका टेबलाचा आवाज खाली आला. कुणी कुणाला सांगितलं नाही. थोड्या वेळात अख्खा पब कुजबुजत होता. शेकोटीतले कोळसे तेवढे मोठ्यानं बोलत होते.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दोन धिप्पाड माणसं, पाठीवर पिशव्या, डोंगर चालून आलेली. "ईव्हनिंग, ऑल!"

"श्श्!" अरुण म्हणाला. त्याला उठता येत नव्हतं, म्हणून त्यानं मोकळा हात वर केला. "माय डॉटर इज द मिडवाइफ हिअर. शी हॅज बीन अप सिन्स यस्टरडे."

दोघं जागच्या जागी थांबले. मग त्यांनी दारातच वाकून चिखलाचे बूट काढले आणि मोज्यांवर, पाय न वाजवता, बारपाशी गेले.

लिंडानं आम्हाला निरोप म्हणून असेल, पुढचा प्रश्न आमच्याकडे बघून विचारला, अगदी पुटपुटत: मिशिगन राज्याची राजधानी कोणती?

मॉरीननं ओठांवरून तो सगळ्यात आधी वाचला आणि आमच्याकडे बोट केलं. पण गॉर्डननं तोवर पेन्सिल उचलली होती आणि मोठ्या आत्मविश्वासानं, ठसठशीत अक्षरांत, लिहिलं होतं: डेट्रॉइट. लिहून त्यांनी आम्हा दोघांकडे कौतुकाच्या अपेक्षेनं पाहिलं.

अरुणनं तोंड उघडलं. खांद्याकडे पाहिलं. रेवाचा श्वास संथ चालला होता. त्यानं तोंड मिटलं आणि गॉर्डनना मान डोलावून शाबासकी दिली.

लॅन्सिंग. मलाही येत होतं. मीही गप्प बसले.